चार दिवसांची लंका

प्रवास करण्यापेक्षां प्रवासाचा बेत आंखणें अधिक कठीण, हें मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत कळून आलें.

बाबांना सहा दिवसांची रजा मिळाली होती. सोलापुराहून मुंबईस जाऊन तेथून विमानानें श्रीलंकेस जावयाचें ठरलें. जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा जातां हातीं चार दिवस उरत होते. "तेथें काय काय पाहावयाचें, तें तूंच ठरव. भूगोलांत चांगले गुण मिळवितोस, आतां त्यांचा उपयोग दाखीव," असें म्हणून बाबांनीं तें काम मजवर सोंपविलें. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगूं!

मीं नकाशा पुढें घेतला. श्रीलंकेचें क्षेत्रफळ सुमारें ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पांचव्या हिश्शाहून थोडेंसेंच अधिक. मुंबईहून विमान अडीच तासांच्या सुमारास पोंचतें, आणि २००६ सालापासून तेथील घड्याळ आपल्या घड्याळाशीं जुळतें. एवढेंसें बेट! चार दिवस त्यास पुरून उरतील, अशी माझी खात्री झाली. पहिल्या दिवशीं कोलंबो आणि दक्षिणेकडील गॉलचा किल्ला. दुसऱ्या दिवशीं कँडीचें दंतमंदिर व पेरादेनियाची वनस्पतींची बाग. तिसऱ्या दिवशीं आगगाडीनें एल्ला व तेथील नऊ कमानींचा पूल. चवथ्या दिवशीं दांबुल्लाचीं लेणीं, सीगिरियाचा खडक व अनुराधपूर, अशी सुबक यादी मीं तांबड्या व निळ्या शाईनें लिहून काढिली.

बाबांनीं ती वाचली व ते हंसले. "ही सहल आहे कीं टपालगाडी? यांत जेवावयाचें कोठें, तें दिसत नाहीं. आतां असें कर. किलोमीटर खोडून तेथें तास लिही."

मीं तास लिहूं लागलों, आणि माझा अभिमान हळूहळू उतरूं लागला. कँडीहून एल्लास जाणारी आगगाडी चहाच्या मळ्यांतून वळणें घेत सुमारें १,९०० मीटर उंचीपर्यंत चढते. नकाशावर जें अंतर बोटाच्या दोन पेरांएवढें दिसतें, त्यास तिला सहा-सात तास लागतात. सर्व बेरीज केली तों पंचवीस तासांहून अधिक वेळ गाडींतच जात होता. चार दिवसांचा उजेड तो केवढा, आणि त्यांतील निम्मा खिडकींतून बाहेर पाहण्यांतच सरावयाचा!

तेव्हां प्रत्येकानें एकच स्थळ मागावें, असें ठरलें. मीं सीगिरिया मागितलें. पांचव्या शतकांत कश्यप राजानें त्या सुमारें १८० मीटर उंच खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधिला. त्याच्या कड्यावर रंगविलेल्या स्त्रियांचीं चित्रें अजूनही आहेत. आदल्या वर्षीं शाळेच्या सहलींत मीं अजिंठा पाहिला होता, म्हणून हीं चित्रें पाहण्याची मला फार उत्कंठा होती. बाबांनीं दांबुल्ला मागितलें; तें वाटेवरच होतें. आजीनें अनुराधपूरचा बोधिवृक्ष मागितला. अशोकाची कन्या संघमित्रा हिनें गयेच्या बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार नेली, ही गोष्ट ती मला लहानपणापासून सांगत आली आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत लाविलेला तो वृक्ष आजही पुजला जातो.

आईस विचारलें, तर ती म्हणाली, "तुमचें झालें म्हणजे माझें झालेंच." मीं तिच्या नांवापुढें एक रेघ ओढली व पुढें गेलों.

आतां काटछांट सोपी झाली. गॉल दक्षिणेच्या टोकास व बाकीचीं स्थळें उत्तरेस, म्हणून पहिली कात्री गॉलवर चालविली. त्यामागून एल्ला गेलें. बाबांनीं पंचांग पाहिलें. श्रीलंकेंत प्रत्येक पौर्णिमेस सार्वजनिक सुट्टी असते आणि वैशाखी पौर्णिमा तर तेथील मोठा सण. आजीचे गुडघे दुखतात, त्या गर्दींत तिला उभें राहवणार नाहीं, म्हणून ती तिथि टाळली. सीगिरियाच्या सुमारें १,२०० पायऱ्या मीं व बाबांनीं पहाटे चढाव्या आणि आजीनें व आईनें पायथ्याच्या बागेंत बसावें, असें ठरलें. शेवटीं कँडीकरितां एक दिवस उरला, म्हणून मी मनांतून फार खूष झालों.

त्या रात्रीं पाणी पिण्यास उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा दिसला. आई माझी पहिली, खोडलेली यादी व मीं जमविलेलीं चित्रें पाहत होती. तिच्या हातीं गॉलच्या किल्ल्याचें चित्र होतें. १५८८ सालीं पोर्तुगीजांनीं आरंभिलेला व पुढें डचांनीं बळकट केलेला तो तट, आणि त्याच्या तिन्ही बाजूंस समुद्र.

"आई, तुला गॉल पाहावयाचें होतें काय?"

"गॉलच पाहिजे असें नाहीं रे," ती म्हणाली. "मालवणास आमच्या घरून समुद्राची गाज ऐकूं येई. सोलापुरास आल्यापासून समुद्रकांठीं निवांत अशी बसलेंच नाहीं. चित्र पाहिलें आणि आठवण झाली, इतकेंच."

मला झोंप येईना. घरांतील एका माणसाच्या नांवापुढें मीं रेघ ओढली होती, आणि तें इतरांस दिसलेंही नव्हतें. सकाळीं उठून पुनः नकाशा काढिला. अनुराधपूर पाहून गॉलास जाणें अशक्य होतें. परंतु विमानतळापासून सुमारें दहा किलोमीटरांवर, पश्चिम किनाऱ्यास, नेगोंबो नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. मीं कँडीवर स्वतःच्या हातानें काट मारिली आणि चवथ्या दिवसापुढें एकच शब्द लिहिला: समुद्र. आईच्या नांवापुढील रेघ मात्र खोडरबरानें पुसली.

बेत जसा लिहिला तसाच पार पडला. खडकावरील चित्रें पाहतांना मला अजिंठा आठवला. आजी बोधिवृक्षाजवळ हात जोडून कितीतरी वेळ बसली. परंतु माझ्या मनांत अधिक राहिली ती नेगोंबोची शेवटची संध्याकाळ. होड्या किनाऱ्यास लागत होत्या, सूर्य कोंकणांतल्याप्रमाणेंच समुद्रांत बुडत होता, आणि आई वाळूंत पाय पसरून बसली होती. "आतां निघूं या" असें कोणीही म्हणालें नाहीं. त्या दिवशीं आम्हांस पुढें कोठेंच जावयाचें नव्हतें.

कँडी पाहावयाची राहिली. मित्र विचारतात, "लंकेस जाऊन कँडी पाहिली नाहींस?" मी म्हणतों, "नाहीं." बालमित्रहो, तुम्हांवरही कधीं असें काम आलें, तर स्थळांचीं नांवें मागून लिहा, आधीं घरांतील माणसांचीं नांवें लिहा, आणि कोणाच्याही पुढें रेघ ओढण्यापूर्वीं त्यास पुनः एकदां विचारा.