न झालेला समारोप

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या भगिनीसंस्था असतात. त्यांना तिथे 'सोरॉरिटी' म्हणतात. इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात 'डेल्टा झीटा' या संस्थेची शाखा १९०९ पासून होती. पुढे तिची सदस्यसंख्या रोडावली. २००६ च्या अखेरीस मध्यवर्ती कार्यालयाने ३५ पैकी २३ मुलींना, नव्या सदस्य मिळवण्याची पुरेशी तळमळ नाही असे कारण देऊन, बाहेर पडण्यास सांगितले. गदारोळ उठला आणि मार्च २००७ मध्ये विद्यापीठानेच त्या संस्थेशी संबंध तोडले.

प्रकार क्रूर खराच. तरीही जालना जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला त्यातील एका गोष्टीचा हेवा वाटतो. तिथे शाखा संपली, हे कुणीतरी उघडपणे म्हटले.

आमच्याकडे तिचे दूरचे नाते सांगणारे होते ते महाविद्यालयातील विद्यार्थिनी मंडळ. जागा मुलींच्या कॉमन रूमची. भांडवल म्हणजे एक भित्तिपत्रक आणि शनिवारच्या वाचनाची वही. अंबड-बदनापूरच्या बाजूने एस.टी.ने येणाऱ्या मुली त्यात होत्या. शेवटचा तास आणि परतीची गाडी यांच्यामध्ये जेवढा वेळ उरे, तेवढेच मंडळाचे आयुष्य. २०१२-१३ च्या दुष्काळात कुणाला पाण्यासाठी घरी थांबावे लागले, कुणाची सोयरीक लवकर जमली; तरी मंडळ तगले.

ते मोडले ते निराळ्याच कारणाने. पदवी तीन वर्षांची. तिसऱ्या वर्षाची मुलगी पहिल्या वर्षाच्या मुलीला हाताशी धरून सारे शिकवी. नियमावली अशी कधी नव्हतीच. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. ती पुन्हा उघडू लागली, तोच २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्याच वर्षी मंडळ पाहिलेली शेवटची तुकडी पदवी घेऊन निघून गेली. मौखिक परंपरा कशी लुप्त होते, हे आम्ही वर्गात शिकवतो. इथे ती डोळ्यांदेखत लुप्त झाली.

कागदावर मात्र मंडळ हयात आहे. वार्षिक अहवालात त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापले जाते. आपल्याकडे संस्था मरत नाहीत, त्यांची फक्त नोंद उरते. त्यामुळे ज्यांचे काही हरवले, त्यांना ते हरवले असे म्हणण्याचीही सोय राहत नाही.

आणि हरवले ते थोडके नव्हे. घरी मुलगी कुणाची तरी लेक असते, पुढे कुणाची तरी सून. मंडळात ती सचिव होती, संपादक होती; तिच्या मताला दुसरीचे मत उत्तर देत होते. मध्यंतरी अंबड चौफुलीवर एक माजी विद्यार्थिनी भेटली. कडेवर मूल होते. ख्यालीखुशाली झाल्यावर तिने विचारले, "सर, आपली शनिवारची वही आहे का अजून?"

वही विभागाच्या कपाटात आहे. दरवर्षी आपण प्रत्येक तुकडीला निरोपसमारंभ देतो. या मंडळाला मात्र तो लाभला नाही. जुन्या सदस्यांना एकदा बोलवावे, वही त्यांच्यासमोर ठेवावी आणि पुढे काय करायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे, असे आम्हांला वाटते. समारोप झाला, तर कदाचित नवा आरंभही होऊ शकेल. अहवालातल्या छायाचित्रातून तो होणार नाही.