खिडकीतला गुलाब

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात प्रत्येक झाडाची जागा ठरलेली. संत्रा बागेत, कपाशी काळ्या रानात, आंबा धुऱ्यावर, तुळस अंगणात. छपराखाली, खोलीत झाड ठेवायची इकडे रीत नव्हती. ज्यांची सकाळ बागेत उजाडते आणि संध्याकाळ बागेत मावळते, त्यांनी घरात कुंडी कशाला आणावी? तरीही ज्या झाडाची सोबत मला सगळ्यात जास्त वर्षं लाभली, ते घरातच वाढलं. नर्सरीवाले त्याला बटण गुलाब म्हणतात, पुस्तकं मिनिएचर म्हणतात. वीतभर-हातभर उंची, नखाएवढी पानं आणि रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं फूल. पण कळीची ठेवण, पाकळ्यांची वळणं, काटे, सगळं मोठ्या गुलाबासारखं.

सौंसरजवळच्या आमच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला गावठी गुलाब होता. त्याची कोणी निगा राखली नाही आणि त्यानेही कधी ती मागितली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलांनी लदून जायचा, आई पाकळ्या साखरेत घालून बरणी उन्हात ठेवायची. माझ्या वडिलांचं लक्ष मात्र संत्र्याच्या कलमांवर. जंबेरीची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली, की ते वाफ्यात उकिडवे बसून डोळे भरायचे. सालीला उभी-आडवी चीर द्यायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. वर संत्रा, खाली जंबेरी. फळ एकाचं, मुळं दुसऱ्याची. शेंदुरजना घाट, वरूड, काटोल, सौंसर, पांढुर्णा, सगळ्या संत्रापट्ट्याचा संसार या जोडावर उभा आहे. त्यामुळे कुठलंही नवं रोप हाती आलं, की आमच्याकडे आधी पाहायचं ते बुंध्याशी, जोड कुठे आहे ते.

शिक्षणासाठी मी नागपूरला गेले. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आमचे तालुके मध्य प्रदेशात राहिले. पण दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळ्यांसाठी आमची पावलं नागपूरकडेच वळत आली. बटण गुलाबही नागपूरचाच. महाराजबागेकडून परतताना एका नर्सरीत तो दिसला, गडद गुलाबी, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. इतवारी स्टेशनवरून छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी तेव्हा चालू होती. सावनेर, केळोद करत, वळणांवर दम घेत ती सौंसरला पोचायची. मांडीवर पिशवी घेऊन मी तो गुलाब घरी आणला. २०१५मध्ये मार्ग रुंद करण्यासाठी ती छोटी गाडी बंद झाली, पण त्या गुलाबाचा वंश आजही माझ्या खिडकीत आहे.

वडिलांनी सवयीने बुंधा चाचपला. जोड सापडेना. त्यांनी माती थोडी उकरून पाहिली आणि म्हणाले, "हे तं आपल्याच मुळावर हाय पोरी. मंग याची काडी लाव, हेच झाड येईन."

ते अक्षरशः खरं होतं. बाजारातले मोठे गुलाब बहुतेक जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. वरचा भाग वाळला आणि खालून फूट आली, तर ती जंगली येते. बटण गुलाब मात्र सहसा काडी लावूनच वाढवतात. कडक उन्हाने वरचं सगळं करपलं तरी मूळ जिवंत असेल तर जमिनीतून पुन्हा तोच गुलाब उगवतो. चार बोटांची काडी रेती आणि नारळाच्या भुशात सावलीला ओलसर ठेवली, की तीन-चार आठवड्यांत मुळं धरते.

पुढे या गुलाबाची कुळकथा वाचली आणि माझी त्याच्याशी जवळीक आणखी वाढली. वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण गुलाबांना चिनी गुलाबांकडून मिळाला. युरोपचे जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी गुलाब जहाजांतून पश्चिमेला गेले. त्यांतले काही कलकत्त्यामार्गे गेल्यामुळे फ्रान्समध्ये त्यांना बंगालचे गुलाब म्हणत. त्यांतलीच एक खुजी जात कुंड्यांमधून घरोघरी पोचली आणि मग फॅशन बदलली तशी विसरली गेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या स्विस लष्करी डॉक्टरांना डोंगरातल्या मोबोर्जे गावी घरांच्या खिडक्यांत इवले गुलाब दिसले. गावकरी ते पिढ्यान्‌पिढ्या कुंडीत वाढवत आले होते. डॉक्टरांनी जिनिव्हाच्या कोरव्हाँ या वनस्पतीतज्ज्ञ मित्राला ही गोष्ट सांगितली. गुलाबप्रेमींमध्ये सांगतात ती हकिकत अशी, की दोघं शोधायला गेले तोवर गावाला आग लागून ती झाडं गेली होती. शेजारच्या गावात एका बाईकडे एक झुडूप उरलं होतं. कोरव्हाँनी त्याला डॉक्टरांचं नाव दिलं, रोझा रूलेटी. त्यावरून हॉलंडच्या बॉस्कोप गावात यान द व्हिंक यांनी १९३६मध्ये नवा वाण आणला, स्पेनमध्ये पेद्रो दोत यांनी काम केलं आणि कॅलिफोर्नियात राल्फ मूर यांनी तर आपलं जवळजवळ सारं आयुष्य या छोट्या गुलाबांना दिलं. मूर १९०७मध्ये जन्मले आणि २००९मध्ये, वयाच्या शंभरीनंतर गेले.

या सगळ्या इतिहासात मला महत्त्वाची वाटते ती ती बाई, जिचं नाव कोणी नोंदवलं नाही. राजांच्या बागांनी जे सांभाळलं नाही, ते तिच्या खिडकीने सांभाळलं.

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले, सोबत काडीचं रोप आणलं. इथे मात्र घर गल्लीतलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. अंगण नाही. माझ्या वाट्याला दोन खिडक्या आल्या, एक पूर्वेची आणि एक दक्षिणेची. त्या खिडक्यांनी मला सूर्य शिकवला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं आणि गुलाबाला लागणारे पाच-सहा तास सहज मिळतात. उन्हाळ्यात तो थेट डोक्यावर येतो आणि त्याच खिडकीत उन्हाची तिरीपही पडत नाही. तेव्हा कुंडी पूर्वेला न्यायची, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारच्या झळा चुकतात. गुलाब हे मुळात घरातलं झाड नव्हेच. मनी प्लांट कमी उजेडात तग धरतो, गुलाब धरत नाही. ऊन कमी पडलं, की फांद्या लांब, फिक्या होतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात.

मातीचंही तसंच. आमची काळी माती संत्र्याला आणि कपाशीला सोन्यासारखी, पण कुंडीत ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळं तोडते. म्हणून एक वाटा माती, एक वाटा जुनं कुजलेलं शेणखत, एक वाटा रेती आणि कोकोपीट. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत बहुधा तीन-चार काड्या एकत्र लावलेल्या असतात, झाड भरगच्च दिसावं म्हणून. फुलांचा बहर ओसरला, की त्या हलक्या हाताने वेगळ्या करून मातीच्या कुंड्यांत लावाव्यात, नाहीतर एकमेकींचा घास घेतात. पाणी सकाळी, बुंध्याशी, तळातून निथळेपर्यंत. आणि बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. बोअरचं पाणी इकडे जड आहे. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही असं समजावं. मी पावसाचं पाणी साठवून ठेवते.

खरी परीक्षा मे महिन्याची. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठाक होते आणि लाल कोळी येतो. डोळ्याला धड दिसत नाही, पानामागे बारीक जाळी विणतो, पानावर राखाडी ठिपके उमटतात आणि आठवडाभरात झाड निस्तेज होतं. बागेत हा कोळी आम्ही जन्मभर पाहिलेला. त्याला कोरडेपणा मानवतो, ओलावा मानवत नाही. म्हणून उन्हाळ्यात कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूंवर पाण्याची धार सोडायची, तीन-चार दिवसांआड, सकाळी लवकर, म्हणजे दिवसा पानं सुकतात. जास्तच झालं तर कडुनिंबाचं तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून संध्याकाळी फवारायचं. कूलरच्या खोलीत दमट हवा असते, ती गुलाबाला सोसते; पण कूलरच्या थेट झोतात कुंडी ठेवू नये आणि टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालू नये, आटून आटून त्यात क्षार साठलेले असतात. या दिवसांत खत नाही, छाटणी नाही. आलेल्या कळ्याही मी खुडून टाकते. झाडाने फक्त जगावं.

माझ्या सासूबाईंनी सारं आयुष्य बागेत काढलं. पाट वळवणं, आळी करणं, तोडणीच्या वेळी हिशेब राखणं, सगळं त्यांच्या हातचं. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचं चालणं थांबलं. त्यांचा पलंग दक्षिणेच्या खिडकीशी लावला, कारण थंडीत तिथे ऊब असायची. त्याच खिडकीत गुलाब होता. पहिले काही दिवस त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग एका सकाळी मी पाणी घालत असताना मागून आवाज आला, "रोज रोज काहून पानी घालतं वं? पाऊस सरला, दसरा आला. आता त्याले ताण दे."

संत्र्याचा बहर हा ताणावर अवलंबून असतो, हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. हिवाळ्यात पाणी तोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार येतो. मे महिन्यात तोडलं की पावसाबरोबर मृग बहार. झाडाला विश्रांती मिळते, वाढ थांबते आणि त्या थांबण्यातून फूल येतं. आपल्याकडचे जुने माळी गुलाबालाही असाच ताण देत आले आहेत: पावसाळा संपला की पाणी तोडायचं, मुळांवरची माती सारून काही दिवस उघडी ठेवायची, मग छाटणी, खत आणि भरपूर पाणी. सासूबाईंनी गुलाबाचं पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी संत्र्यावरून गुलाब ओळखला.

कुंडीत माती मूठभर, म्हणून बागेएवढा ताण तिला झेपत नाही. आम्ही दोघींनी मधला मार्ग काढला. आठवडाभर पाणी निम्म्यावर आणायचं, वरची दोन बोटं माती खुरप्याने मोकळी करायची. मग छाटणी. कात्री माझ्या हातात, नजर त्यांची. वाळकी आणि आत वळलेली फांदी आधी, मग उरलेल्या फांद्या निम्म्याने, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. "तो नाही, त्याच्या खालचा डोळा," त्या पलंगावरून सांगायच्या. नंतर शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि पाणी. साधारण सहा-सात आठवड्यांनी, मार्गशीर्षाच्या थंडीत, खिडकी फुलांनी भरून गेली.

त्यानंतर ती कुंडी त्यांची बाग झाली. सकाळी उठल्यावर त्या आधी पानांची मागची बाजू पाहायच्या. वाळलेलं फूल पाच पानांच्या देठापर्यंत कापायला लावायच्या, म्हणजे नवी फूट जोमाने येते. पानांवर पांढरी भुरी दिसली, की खिडकी उघडायला सांगायच्या, कोंडलेल्या हवेत ती वाढते. भेटायला येणारे आजाराबद्दल बोलू लागले, की त्या गुलाबाबद्दल बोलायच्या. शेतावर जाता येत नाही याचं दुःख त्यांना होतंच, ते कुठल्याही कुंडीने भरून निघणारं नव्हतं. पण ज्या माणसाला आयुष्यभर झाडाकडे पाहून निर्णय घ्यायची सवय आहे, त्याला रोज एक निर्णय घ्यायला मिळणं, ही औषधाइतकी मोठी गोष्ट आहे, हे मी त्या खिडकीत पाहिलं. त्या गेल्या तेव्हा गुलाबाला कळ्या होत्या. पुढच्या दसऱ्याला छाटलेल्या काड्या मी फेकल्या नाहीत. सगळ्या लावल्या, आणि नात्यातल्या ज्या घरांत कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्या घरांत वाटल्या.

२०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. गाव वाढतंय, मुलं नागपूर-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जातायत आणि बागेवर वाढलेल्या माणसांचं म्हातारपण खोलीत येऊ लागलंय. त्यांच्यासाठी घरातलं झाड ही आता शोभेची वस्तू राहिलेली नाही. मात्र घराने झाडाला वळण लावायचं नसतं; झाडाचे ऋतू घराने पाळायचे असतात. म्हणून माझी विनंती एवढीच. गुलाब विकत घेण्याआधी आपली खिडकी पाहा. पाच-सहा तास ऊन येत असेल तरच बटण गुलाब आणा. उन्हाळ्यात त्याच्याकडे फुलं मागू नका, पाऊस सरला की त्याला थोडा ताण द्या, दसऱ्याच्या सुमारास छाटा. आणि घरात शेती केलेलं कोणी वडीलधारं माणूस असेल, तर कुंडी त्यांच्या उशाशी ठेवा आणि कात्री चालवण्याआधी त्यांना विचारा.