सशांची शाळा

आमच्या घरीं सशांची जोडी आली ती आमच्या संमतीनें नव्हे, तर नातीच्या हट्टामुळें. पांढरी ती कापशी व करडा तो भुऱ्या. नसलेल्या वस्तूचा दाखला द्यावयाचा झाला कीं शास्त्री 'शशशृंग' म्हणतात. सशाशीं आमचा तोंवरचा परिचय एवढाच होता.

तंटा लागला तो कापशीच्या नखांवरून. नखें वाढलीं, पशुवैद्याकडे नेणें भाग पडलें. आम्हीं बेधडक हात घालून तिला उचललें. तिनें अशा लाथा झाडल्या कीं आमचें मनगट ओरबाडून निघालें. कशीबशी टोपलींत कोंबून नेली, तर पशुवैद्यांनीं आम्हांसच दोन शब्द सुनावले. ससा हें परभक्ष्य. वरून झडप आली कीं त्याच्या लेखीं ती घारीचीच. त्याच्या मागल्या पायांत बळ मोठें, हाडें मात्र हलकीं. धडपडींत स्वतःच्याच लाथेनें त्याचा कणाहि मोडूं शकतो. त्या दिवसापासून आमची चाहूल लागली कीं कापशी मागला पाय जमिनीवर आपटी आणि खाटेखालीं दडे.

नात म्हणाली, "आजोबा, ती तुम्हांला भिते." हे चार शब्द आम्हांला लागले, कारण तसेंच वाक्य आम्हीं पूर्वीं एकदां ऐकलें होतें.

मग नातीनें 'क्लिकर' नांवाची एक चिमुकली डबी आणली. जत्रेंत पत्र्याचा बेडूक मिळे, पोटाशीं दाबला कीं 'टक्' करी. त्याच जातीची ही वस्तु. तिच्यामागें शास्त्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं आपल्या १९३८ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, ज्या कृतीमागोमाग सुखद फळ मिळतें, ती कृति प्राणी पुनः पुनः करूं लागतो. अडचण एवढीच कीं, घास तोंडाशीं पोंचेपर्यंत क्षण निघून जातो व हें फळ कोणत्या कृतीचें, हें प्राण्याला उमगत नाहीं. मधली ती फट 'टक्' हा ध्वनि भरून काढतो. केरेन प्रायर या बाईंनीं हवाई बेटांवर डॉल्फिनसारख्या जलचरांस शिट्टीच्या खुणेवर शिकविलें, आणि त्यांच्या १९८४ सालच्या पुस्तकानें ही रीत पाळीव प्राण्यांच्या धन्यांपर्यंत पोंचविली.

पहिल्या दिवशीं कांहींच शिकवावयाचें नसतें. जमिनीवर मांडी घालून बसावें, 'टक्' करावें आणि लगेच कोथिंबिरीचें पान द्यावें. असें दहा-पंधरा वेळां. सशाचे कान फार तिखट. पहिल्याच आवाजाला कापशी पळाली, तेव्हां आम्हीं डबी रुमालांत गुंडाळली. घास नखाएवढाच असावा, कारण सशाचें खरें अन्न सुकें गवत. गाजर-सफरचंदांतील साखर त्याला सोसत नाहीं. एकदां ध्वनि झाला कीं घास द्यावयाचाच, मग आपला आंगठा चुकून कां दाबला गेला असेना. दिलेलें वचन मोडूं नये. दुसरा पाठ लांकडी पळीचा. ती जरा बाजूस धरावी, कारण अगदीं नाकासमोरचें सशाला दिसत नाहीं. कुतूहलानें त्यानें नाक लावलें कीं त्याच क्षणीं 'टक्'. धडा दोन-तीन मिनिटांचा, सकाळीं किंवा तिन्हीसांजेला. आणि त्याला कंटाळा येण्यापूर्वींच थांबावें.

भुऱ्या दोन दिवसांत शिकला. आम्हांला मात्र जमेना. आमचा 'टक्' नेहमीं उशिरां पडे. नात वैतागून म्हणाली, "आजोबा, तुम्ही ती चुकते कधीं याचीच वाट पाहतां!"

वाचकहो, पोरीनें नेमकें बोट ठेवलें. तेहतीस वर्षें तांबड्या शाईनें चुका टिपतां टिपतां आमची दृष्टि चुकीवरच स्थिर झाली होती. एकदां एक हुशार मुलगा 'राम' शब्द चालवितांना तृतीयेला अडखळला, आणि आम्हीं छडी मारली. त्यानंतर त्यानें आमच्या तासाला कधीं हात वर केला नाहीं. त्याची आई शाळेंत येऊन म्हणाली, "गुरुजी, तो तुम्हांला भितो." आम्ही तें आपलें कौतुकच समजलों. पुढें २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेस मनाई केली, तेव्हां आम्हीं छडी कपाटांत ठेवली. पण ती कायद्याला मान देऊन, मनापासून नव्हे.

आतां आम्ही नव्यानें पाहावयास शिकलों. पळीमागोमाग कापशी टोपलीच्या तोंडाशीं आली, 'टक्'. एक पाय आंत, 'टक्'. दोन पाय, 'टक्'. तीन आठवड्यांनीं ती आपण होऊन टोपलींत जाऊन बसली, आणि पुढच्या खेपेस तिला नेतांना झडप घालावी लागली नाहीं. आतां आम्ही जमिनीवर बसलों कीं ती खाटेखालून बाहेर येते व गुडघ्याला नाक लावते. तिनें आम्हांस क्षमा केली कीं ही केवळ कोथिंबिरीची ओढ, हें तीच जाणे.

तो मुलगा आज चाळिशीपलीकडे गेला असेल. त्याच्यासाठीं आतां डबी वाजवून उपयोग नाहीं. पण तृतीयेला अडखळण्यापूर्वीं त्यानें प्रथमा आणि द्वितीया अगदीं बिनचूक म्हटल्या होत्या, हें आम्हांला इतक्या वर्षांनीं आतां आठवतें.