रत्नागिरीचा किनारा आणि इटलीचे मद्य

१/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे टिपण लिहिले. ते ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखले जाते. लेखकाचे नाव काळाच्या ओघात हरवले, बंदरांची नावे मात्र उरली. कल्याणच्या पुढे तो स्थानिक बाजारपेठा सांगतो: सेमुल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझेइगारा. सेमुल्ला म्हणजे चौल. पुढची तीन नावे काही अभ्यासक बाणकोट, दाभोळ आणि जयगड यांच्याशी जोडतात. ही तिन्ही बंदरे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत.

२/ याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी मद्यापासून सुरू होते. पहिली पसंती इटलीच्या मद्याला, त्यानंतर लाओडिकिया आणि अरबस्तान. राजासाठी आणायच्या वस्तूंतही चांदीच्या भांड्यांसोबत उंची मद्य आहे.

३/ त्या काळी इटलीच्या मद्यात मोठा मान होता दक्षिणेकडील कांपानिया प्रांताच्या फालेर्नियनला. ज्योत लावताच पेटणारे मद्य, अशी त्याची नोंद प्लिनीने केली आहे. त्याच डोंगरउतारांवर आज आग्लियानिको द्राक्षाचे गडद, तुरट लाल मद्य होते. ‘हेच ते जुने फालेर्नियन’ हा दावा लोकप्रिय असला, तरी सिद्ध झालेला नाही. द्राक्षाच्या साली-बियांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि जीभ कोरडी पडते. काजूचे बोंड चावलेल्या कोकणी माणसाला ही तुरटी समजावून सांगावी लागत नाही.

४/ हे मद्य अँफोरा नावाच्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या कुंभांतून येई. एका प्रचलित प्रकारात सुमारे २६ लिटर मावे. आतून राळेचा लेप असे. नाईल नदीतून कोप्टोस, तेथून वाळवंट ओलांडून बेरेनिके किंवा म्योस होर्मोस, आणि जुलैच्या सुमारास नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भारताकडे, असा हा प्रवास होता.

५/ मद्य संपले, खापरे उरली. व्हेसुव्हियसच्या परिसरातील कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू चमकते. भिंगाखाली ती ओळखता येते आणि खापराचे मूळ गाव कळते.

६/ येथेच सावध राहावे लागते. भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली अनेक खापरे रॉबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली. त्यांतील बरीच मेसोपोटेमियाच्या बिनकानी कुंभांची निघाली. त्यांना आतून डांबराचा लेप होता आणि त्यांतील पुष्कळशी रोमन व्यापाराच्या भरभराटीनंतरच्या शतकांतील होती. राळ की डांबर, एवढ्या फरकाने इतिहासाचे पान बदलले.

७/ मग रत्नागिरीच्या किनाऱ्याचे काय? पेरिप्लस सांगतो की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे परदेशी मद्याचा मोठा उतारा भडोचला होता, तर मंदगोरा वा पालैपत्मै ही देशी गलबतांची बंदरे होती. घाटमाथ्यावर मात्र रोमन वस्तू पोहोचल्या होत्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडातून पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आणि रोमन बनावटीची कांस्यपात्रे मिळाली. ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

८/ अशा मद्यासोबत त्या काळच्या कोकणात काय वाढले गेले असते? मिरची, टोमॅटो, बटाटा नव्हते, आणि तुरटीसाठी आठवलेले काजूचे बोंडही नव्हते. ही सारी अमेरिकेतून, पोर्तुगीज काळात वा त्यानंतर आली. भात, नारळ, मासळी, मिरी आणि रातांबा होता. तुरट मद्य चरबीदार मांसाशी जुळते, कारण टॅनिनला लाळेऐवजी मांसातील प्रथिने मिळतात. तेलकट मासळीबरोबर मात्र लाल मद्यातील लोहामुळे तोंडाला धातूसारखी चव येते. मिरी लावून भाजलेल्या मांसाशी त्याचे जमले असते, बांगड्याच्या कालवणाशी नव्हे. रोमन लोक तर मद्यात पाणी घालूनच पीत.

९/ बाणकोट वा दाभोळच्या खाडीकाठी जाड, निमुळत्या बुडाचे खापर दिसले तर ते घरी नेऊ नये. जागेवरच छायाचित्र घ्यावे, ठिकाण टिपावे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी ते पडले होते, हे एकदा पुसले गेले की आतला लेप राळेचा होता हे कळूनही अर्धीच गोष्ट हाती लागते.