नेहमीचं गिऱ्हाईक

संसार करणाऱ्यांच्या दोन जाती असतात. एक, मंडईत शिरल्याबरोबर पहिल्या गाळ्यावर पाकीट उघडणारे. आणि दुसरे, शेवटच्या गाळ्यापर्यंत भाव विचारत जाऊन पुन्हा पहिल्या गाळ्यावर येणारे. या दोन जातींचं आपसात पटत नाही; लग्नं मात्र त्यांची एकमेकांतच होतात. इंग्लंडातल्या फुटबॉलमध्ये चेल्सी आणि ब्रायटन हे या दोन जातींचे दोन क्लब आहेत, आणि त्यांचे व्यवहार बघायला लागलं की चेंडू कुठे गेला याकडे माझं तरी लक्ष राहत नाही.

चेल्सी म्हणजे लंडनची बडी असामी. २०२२ च्या मे महिन्यात टॉड बोहली आणि क्लिअरलेक नावाची कंपनी या अमेरिकन मंडळींनी हा क्लब २५० कोटी पौंडांना घेतला. धंदा गुंतवणुकीचा, म्हणजे पैपैचा हिशेब ठेवणारी माणसं. ब्रायटन हे समुद्रकाठचं गाव. तिथल्या क्लबाचे मालक टोनी ब्लूम हे गावातलेच. आजोबाही याच क्लबाच्या कारभारात होते. पण पैसा मिळवला तो पैजा लावून आणि पोकर खेळून! आता तुम्ही-आम्ही काय म्हणू? जुगारी उधळणार आणि सावकार जपणार. घडलं ते नेमकं उलटं.

सावकारांनी पहिल्याच वर्षात खेळाडूंवर ५० कोटी पौंडांच्या वर रक्कम ओतली. इतकी माणसं आली की कपडे बदलायची खोली पुरेना, काही जण पॅसेजमध्ये कपडे बदलतात, असं तेव्हा छापून आलं होतं. आपल्याकडे लग्नघरात हेच होतं, पण तिथले पाहुणे निदान चार दिवसांनी जातात. इथे काहींशी आठ-आठ वर्षांचे करार! त्यात गोम अशी, की खेळाडूची किंमत वहीत कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात. करार लांब, तर दर वर्षीचा आकडा लहान. हप्त्यानं फ्रिज घेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. अखेर २०२३ मध्ये आधी युरोपच्या आणि मग इंग्लंडच्या फुटबॉलवाल्यांनी नियम केला, की वाटणी फार तर पाच वर्षांची. त्याच वर्षी चेल्सीनं मैदानालगतची आपली दोन हॉटेलं ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली. घेणारी कंपनी कुणाची? यांचीच! आपल्याकडेही लोक जागा बायकोच्या नावावर करतात, पण त्यात नफा झाला म्हणून पेढे वाटत नाहीत.

ब्लूमसाहेबांची तऱ्हा वेगळी. आकडेमोड करून, इतरांची नजर पडायच्या आत माल उचलायचा. इक्वेडोरचा मोइसेस कैसेडो हा पोरगा २०२१ मध्ये ४५ लाख पौंडांच्या आसपास आणला आणि २०२३ मध्ये १० कोटींना विकला. वर दीड कोटी पुढेमागे मिळायच्या बोलीवर. गिऱ्हाईक? चेल्सी. आदल्या वर्षी त्यांनी कुकुरेया नेला होता, ब्रायटनच्या खरेदीच्या तिपटीहून जास्त भावानं. मग प्रशिक्षक ग्रॅहॅम पॉटर नेले. भाजी आवडली म्हणून आचारीच उचलावा तसे. पॉटरसाहेब चेल्सी घेऊन ब्रायटनला आले, ते ४-१ असा मार खाऊन गेले, आणि सात महिन्यांच्या आत त्यांना नारळ मिळाला. त्या हंगामात ब्रायटन सहावं आणि चेल्सी बारावं.

इथवर वाचून भाव करणाऱ्या जातीच्या माना डोलू लागल्या असतील. जरा थांबा. कोकणातल्या बागायतदाराच्या घरी मे महिन्यात जेवलात कधी? पेट्या भरून हापूस मुंबईला, आणि पानात डागाळलेला आंबा. २०२५ च्या जुलैत चेल्सीनं पॅरिसच्या क्लबाला ३-० असं हरवून क्लब विश्वचषक जिंकला. त्या अकरांत चौघे ब्रायटनकडून घेतलेले. तिसरा गोल जोआव पेद्रोचा. त्याला तर स्पर्धा चालू असतानाच विकत आणलं होतं! ब्रायटनच्या कपाटात मात्र १९१० ची चॅरिटी शील्ड, आणि तिच्या शेजारी भरपूर मोकळी जागा.

त्यांना तरी नावं कशी ठेवायची? १९९७ मध्ये कर्जापायी त्यांचं मैदानच हातचं गेलं होतं. दोन वर्षं परगावी गिलिंगहॅमला, मग बारा वर्षं धावण्याच्या शर्यतींच्या मैदानावर बिऱ्हाड. एकदा डोक्यावरचं छप्पर गेलेला माणूस पासबुक उशाशी घेऊनच झोपतो.

मला काळजी वाटते ती ब्रायटनच्या एखाद्या बापाची. पोरगं हट्ट करतं, कैसेडोच्या नावाचा शर्ट हवा. आपल्यासारखाच संसारी माणूस, तो वाढत्या अंगाचा घेतो; दोन वर्षं तरी पुरेल म्हणून. शर्ट पोराच्या अंगाला नीट बसतो, तोवर कैसेडो चेल्सीला गेलेला असतो. आणि बाप म्हणतो, ‘‘राहू दे रे, मागून कोण बघतंय? वर स्वेटर घाल.’’