तिकिटावरचे साडेचार तास

धाकट्या बहिणीचं बाळंतपण लंडनला व्हायचं होतं. आईचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून जानेवारी 2024 मध्ये मी जायचं ठरलं. तिकीट आलं. आईने चष्मा लावून वाचलं : मुंबई दुपारी एक, लंडन संध्याकाळी साडेपाच.

"साडेचारच तास? अगं, आपल्याला सांगलीहून मुंबई गाठायला नऊ तास लागतात!"

मैत्रिणींनो, तुम्हीही फसाल, म्हणून सांगते. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार. ते मिळवलं की खरा प्रवास दहा तासांचा.

सरळ अंतर सुमारे 7200 किलोमीटर. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथला पृथ्वीगोल घरी आणला आणि आईपुढे दोरा ताणला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सीरिया-तुर्कस्तानच्या बाजूने जाते. गोलावरचा दोरा मात्र वर सरकतो. इराण, कॉकेशस, युक्रेन असा. पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश युद्धामुळे फेब्रुवारी 2022 मध्येच प्रवासी विमानांना बंद झालं होतं, तेव्हा वळसा आलाच. शिवाय उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. परतताना मला नऊच तास लागले. तिकिटावर मात्र रात्री नऊ ते दुसऱ्या दिवशी साडेअकरा, म्हणजे साडेचौदा! आता हसावं की रडावं?

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं, ते कैरो, जिनिव्हा असे मुक्काम करीत. त्या मानाने आपली चैनच.

आईला हे सगळं पटलं, पण तिला हवा होता तो आकडा निराळाच. "आपल्या दारापासून तिच्या दारापर्यंत किती?"

मी वहीच्या मागच्या पानावर मांडायला बसले. रात्री नऊची बस, सकाळी सहाला मुंबई. विमानतळावर तीन-चार तास आधी. विमानाचे दहा. उतरल्यावर रांग, सामान, मग तिचं घर. अठ्ठावीस तास. तेही तिकीट हातात असलं आणि विमान वेळेवर सुटलं तर.

आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही कमीजास्त झालं, तर तिला यायला दीड दिवस धरायचा. तेवढं थांबा हं माझ्यासाठी."

मी वही मिटली आणि दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

बहिणीच्या दारात पोचले तेव्हा तिथे रात्रीचे आठ वाजले होते. पोटावर हात ठेवून तीच दार उघडायला आली. चप्पल काढण्याआधी घरी फोन लावला. सांगलीत दीड वाजला होता. आईने पहिल्याच घंटेला उचलला.

"साडेअठ्ठावीस झाले," ती म्हणाली.