साठच्या वेगाने खेडला

कुर्ल्याहून आमचं खेड सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. नव्या गाडीवाले सकाळी निघून जेवायला गावात पोहोचतात. आम्हाला असर झाली. उशीर होणार हे ठाऊकच होतं, कारण त्याचा हिशेब आम्ही निघण्याआधीच कागदावर मांडला होता.

गाडी अब्बांची, 1988 सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार झालेली, म्हणजे तशी आमची शेजारीण. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. खासगी गाड्या मात्र फिटनेस करून, पाच-पाच वर्षं नोंदणी वाढवून अजून कुठे कुठे दिसतात. घरात ठरलं होतं : अब्बांना या गाडीतून एकदा गावी न्यायचं आणि परत आल्यावर ती विकून टाकायची. गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. अब्बांना यातलं काही सांगितलं नव्हतं.

अडचण वेगळीच होती. या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. अब्बांना त्याची गरज कधी पडली नाही. ते कानाने ओळखायचे. मागच्या सीटवर डोळे मिटून बसले तरी म्हणायचे, "सत्तर झाले, सोड जरा." आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कान गेले. यंत्र लावलं तर हॉर्न, वारा, इंजिन सगळं एकाच पातळीवर आदळतं, म्हणून गाडीत बसताना ते यंत्र काढून खिशात ठेवतात.

मग आम्ही आणि धाकट्या भावाने गल्लीत गाडी काढली. चारही प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, टायरवर आणि इंजिनाच्या पुलीवर खडूची खूण केली आणि हळूहळू ढकलली. चाकाचे दहा फेरे झाले तेव्हा पुलीचे त्रेचाळीस. टेपने मोजलं तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 1 मीटर 85 सेंटिमीटर पुढे जाते. साठच्या वेगाने मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाकाचे 540 फेरे आणि इंजिनाचे साधारण 2,300. ऐंशीला तेच 3,100 होतात. गल्लीतली पोरं ढकलायला आली होती, त्यांना वाटलं गाडी बंद पडली.

3,100 हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. पण या 1089 सीसीच्या इंजिनात पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. एका फेऱ्यात वर-खाली मिळून 15 सेंटिमीटर. ऐंशीच्या वेगाला प्रत्येक पिस्टन मिनिटाला 465 मीटर धावतो, आणि क्रँकला आधार तीनच बेअरिंगांचा. आजच्या गाड्यांना पाचवा गिअर असतो, त्यात इंजिन आरामात फिरतं आणि गाडी पळते. पद्मिनीचा चौथा हाच शेवटचा. त्याच्या पुढे द्यायला तिच्याकडे काही नाही.

फजर पढून निघालो. गाडी धाकटा चालवत होता, पुढच्या सलग सीटवर अब्बा. पनवेल, पेण मागे पडलं. मोबाइलशी ताडून पाहिलं तर आणखी एक गंमत कळली : काटा 65 दाखवतो तेव्हा गाडी खरी साठने जात असते. कोलाडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि धाकट्याचा पाय जड झाला. अब्बांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला. थोड्या वेळाने बोटं उचलून खाली दाबल्यासारखी केली. कमी कर. आम्ही मोबाइल पाहिला : 74. पुन्हा वेग वाढला, पुन्हा तेच. माणगावपर्यंत तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा आकडा सत्तर ते पंचाहत्तरमध्येच. कान गेले होते, पण हाताला अजून कळत होतं.

पोलादपूरच्या पुढे आता कशेडीचा बोगदा आहे. अब्बांनी जुन्या घाटाकडे हात केला. चढावर धाकट्याने चौथा गिअर सोडला नाही. त्याचा समज असा की फेरे जितके कमी तितका इंजिनाला आराम. पस्तीसच्या वेगाला फेरे साडेतेराशेच्या आत गेले, गाडी घरघरायला लागली, तापमानाचा काटा चढू लागला. अब्बांनी न विचारता त्याच्या हातावर हात ठेवला आणि स्टिअरिंगवरचा दांडा तिसऱ्यात टाकला.

"अरे, पंखा कोण फिरवतं? इंजिनच ना? तेच रेंगाळलं तर वारा कुठून येणार?"

बरोबर होतं. पंखा आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर, आणि पट्टा इंजिनावर. चढावर जोर जास्त, समोरून येणारी हवा कमी. तेव्हा फेरे वाढलेलेच बरे. आमच्या कागदावर वेग होता, फेरे होते, चढ नव्हता. तरी माथ्यावर गाडी एकदा बंद पडलीच. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ झाली होती. ओलं फडकं पंपावर ठेवलं, दादीच्या वेळच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी खाल्ली, वीस मिनिटांत सुरू झाली.

खाली उतरताना अब्बांनी तो कागद मागितला. चष्मा लावून सगळं वाचलं आणि खिशातल्या पेन्सिलीने एक ओळ वाढवली : 'कशेडी, तिसरा गिअर.' मग घडी करून कागद धाकट्याला दिला.

"ठेव. पुढच्या वेळी लागेल."

धाकट्याने आमच्याकडे आरशातून पाहिलं. भरणे नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा गिऱ्हाइकाचा फोन आला. तो उचलून टपरीच्या मागे गेला आणि लगेच परत आला. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही. अब्बा तोवर बॉनेट उघडून पाणी पाहत होते.